आमचे ब्रदर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेचे जुने अंक चाळले, तर त्यांत गुरुजनांची स्मरणे सापडतात, दिवंगत ज्येष्ठांना वाहिलेली श्रद्धांजली सापडते, परदेशी स्थायिक झालेल्या वर्गमित्रांची कौतुकेही सापडतात. ज्यांच्या हातांवर आपल्यापैकी बहुतेकांची रोजची प्रॅक्टिस उभी असते, त्या परिचारिकांवर मात्र फारच थोडे लिहिले गेले आहे, आणि परिचारकावर तर, माझ्या पाहण्यात, एकही लेख नाही. ही उणीव भरून काढावी एवढ्याच हेतूने यंदा मी संपादकांकडून चार पाने मागून घेतली. ज्यांच्याविषयी लिहीत आहे त्यांना हे सांगितले, तेव्हा त्यांची एकच अट होती. "मॅडम, नाव नको. गावाकडे कुणी वाचून दाखवलं तर उगाच पंचाईत." तेव्हा ज्या नावाने त्यांना आमच्या नवजात शिशू विभागात सर्वजण हाक मारतात, तेच येथे वापरते : ब्रदर.

या शब्दाचीही एक गंमत आहे. रुग्णालयात स्त्री असेल तर ती 'सिस्टर', पुरुष असेल तर तो 'ब्रदर'. मराठीत 'परिचारिका' म्हटले की डोळ्यांसमोर लगेच पांढरा गणवेश येतो, पण 'परिचारक' म्हटले की देवळातला सेवेकरी किंवा फार तर वॉर्डबॉय आठवतो. केंद्र सरकारच्या रुग्णालयांतून २०१६ पासून 'नर्सिंग ऑफिसर' हे पदनाम आले. त्यावर ब्रदरांचे म्हणणे असे, की "पाटी बदलली, हाक नाही बदलली." वास्तविक आपल्याकडच्या जुन्या वैद्यकाला हा पेच ठाऊक नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे जे चार पाद सांगितले आहेत, त्यांत वैद्य, औषध आणि रोगी यांच्या बरोबरीने 'उपस्थाता' येतो, आणि तो शब्द पुल्लिंगी आहे. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शौच हे त्याचे चार गुण मानले आहेत. पुढे १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने परिचर्येची शाळा सुरू झाली, या पेशाला शिस्त आणि प्रतिष्ठा लाभली, आणि त्याच ओघात तो जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांचा झाला. इंग्लंडात १९१९ चा परिचारिका नोंदणी कायदा झाला, तेव्हा पुरुषांची नावे मुख्य सूचीत न घेता वेगळ्या पुरवणी सूचीत घातली गेली, आणि ती वेगळी सूची १९४९ च्या कायद्यानंतरच गेली. आपण इंग्रजांकडून दवाखाने घेतले, तेव्हा ही समजूतही सोबत आली असावी, असे मला वाटते.

ब्रदर आमच्याकडे २००६ साली आले. बैलहोंगल तालुक्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याचा हा थोरला मुलगा. मातृभाषा कन्नड. बारावी विज्ञान शाखेतून झाले, वैद्यकीय प्रवेशाइतके गुण पडले नाहीत, आणि नर्सिंगची फी झेपण्यासारखी होती, म्हणून नर्सिंग. लहानपणापासून सेवेची ओढ वगैरे काही त्यांनी कधी सांगितले नाही, आणि मीही येथे ते रचून सांगणार नाही. त्यांच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचा डोळा आखाती देशांवर होता, यांचाही होता. शिकत असताना प्रसूतिकक्षाच्या दारातच त्यांना थांबवीत. आत मुली शिकत, आणि बाहेर मुलगे ट्रॉलीवरचे सामान मोजीत. पदविका हाती आल्यावर जेथे जेथे त्यांनी अर्ज केला, तेथे अपघात विभाग, अस्थिरोग, डायलिसिस नाही तर मनोरुग्णांचा वॉर्ड हीच नावे पुढे आली. कारण उघड आहे. पुरुष म्हणजे उचलायला आणि आवरायला. धिप्पाड रुग्ण कुशीवर वळवायचा असेल, दारू पिऊन आलेल्याला धरून ठेवायचे असेल, बिलावरून हातघाईवर आलेल्या नातेवाइकांना सामोरे जायचे असेल, तर ब्रदरला बोलवा.

त्या वर्षी आमच्या विभागातल्या दोन सिस्टर लागोपाठ लग्न होऊन गेल्या आणि रात्रपाळी उघडी पडली. व्यवस्थापनाने 'तात्पुरते' म्हणून या तरुणाला पाठविले. मला रात्री जागे राहणारे आणि मोजमाप चोख ठेवणारे माणूस हवे होते. ते मिळाले, म्हणून मी त्यांना परत पाठविले नाही. ते 'तात्पुरते' आज एकोणीस वर्षांनंतरही चालू आहे.

आता त्यांच्या कामाविषयी. माझे वाचक बहुतांशी व्यवसायबंधू असल्याने थोडा तपशील चालेल. नऊशे ग्रॅमच्या अर्भकाच्या अंगात सगळे मिळून सुमारे ऐंशी मिलिलिटर रक्त असते, म्हणजे आपल्या टपरीवरच्या कटिंग चहाएवढे. त्याला दूध द्यायचे ते सुरुवातीला नळीवाटे दोन तासांनी एक मिलिलिटर. शीर शोधायची ती दोऱ्यासारखी, आणि तीत २६ गेजची सुई घालायची. नांगर धरलेल्या घराण्यातले हे राकट पंजे पाहून आमच्या थोरल्या सिस्टरांनी पहिल्या रात्री कपाळाला आठ्या घातल्या होत्या. पण हाताच्या आकाराचा आणि हलकेपणाचा काही संबंध नाही, हे त्यांना आठवडाभरात दिसले. ब्रदर सुई घेण्याआधी बाळाचा तळवा आपल्या तळहातावर ठेवून काही क्षण नुसते थांबतात. तो ऊबदार झाला, की मगच शीर बघतात. त्यांना एका बाळाला तीनदा टोचताना मी क्वचितच पाहिले आहे. दोनदा जमले नाही, की स्वतःहून बाजूला होऊन दुसऱ्याला बोलावतात. ही गोष्ट आपल्या पेशात किती जणांना जमते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

त्यांचे खरे सामर्थ्य मात्र सुईत नाही, पाहण्यात आहे. मॉनिटरचा गजर वाजण्याआधी बाळाचा रंग बदलतो, त्याहीआधी त्याची हालचाल मंदावते. पोट ऊबदार आणि पाय गार असतील, तर तापमापीवर आकडा उतरण्याच्या आतच बाळ थंडीशी झुंजू लागलेले असते. हे आपण सर्वांनी पुस्तकात वाचले आहे. ब्रदर दर फेरीला हाताची पालथी बाजू आधी पोटाला आणि मग पायाला लावतात, आणि तक्त्यावर त्याची नोंद करतात. ऑक्सिजनची नळी जोडली, की तो किती टक्के चालला आहे आणि रक्तात किती पोहोचतो आहे, हे दोन आकडे ते शेजारी शेजारी लिहितात. ज्यादा ऑक्सिजनाने अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दृष्टिपटलाची हानी होते, हे त्यांच्या पक्के मनात बसले आहे. नव्या निवासी डॉक्टरांनी दिवसातून तिसऱ्यांदा रक्त काढायचे ठरविले, की ते शांतपणे विचारतात, "सर, सकाळपासून किती एम. एल. झालं ते लिहून ठेवू का?" बहुतेक वेळा तिसरे टोचणे टळते.

अडचण यायची ती बाळांकडून नव्हे, माणसांकडून. चंदगड भागातून आलेली एक आज्जी मला चांगली आठवते. अठ्ठावीस आठवड्यांची नात, वजन किलोच्या आत, आणि ब्रदर तिचे लंगोट बदलत असताना आज्जींनी काचेतून पाहिले. त्यांनी दारात ठाण मांडले. "गड्यामानसानं लेकराला हात लावायचा न्हाई. पोरीची जात हाय." रात्रीचे दोन वाजलेले, दुसरी सिस्टर पलीकडच्या बाळाच्या श्वासात गुंतलेली. ब्रदर बाहेर आले, आज्जींच्या शेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, "आज्जी, तुमच्या घरात रेडकू जन्मलं तर कोण बघतंय?" आज्जी म्हणाल्या, "आमचं मालक." "मग ते बाप्यामानूसच की." आज्जींना हसू आले नाही, पण त्या दारातून उठल्या. पुढचे चाळीसहून अधिक दिवस त्या विभागाबाहेर बसून होत्या, आणि शेवटी शेवटी तर ब्रदरांची पाळी नसेल त्या दिवशी "आज आमचा बाबा न्हाई काय?" असे विचारू लागल्या. ती नात आता शाळेत जाते. तिला चष्मा आहे, त्यापलीकडे काही नाही.

प्रत्येक वेळी प्रसंग इतका सोपा नसे. २०१२ साली एका वजनदार नातेवाइकाने थेट व्यवस्थापनाकडे तक्रार केली, की नवजात शिशू आणि बाळंतिणींच्या विभागात पुरुष कर्मचारी कसा? तक्रार ब्रदरांच्या कुठल्याही वागण्याविषयी नव्हती, त्यांच्या असण्याविषयी होती. दोन दिवसांत परिपत्रक निघाले आणि ब्रदरांची अपघात विभागात रवानगी झाली. वर पगारात थोडी वाढ आणि 'इनचार्ज' हे पद. या शेवटच्या गोष्टीने आमच्या सिस्टर अधिक दुखावल्या. त्यांचे म्हणणे रास्त होते. पुरुष या पेशात आला, की एक तर त्याला संशयाने बाजूला काढतात, नाही तर शिडी लावून वर चढवितात. वीस वर्षे सेवा केलेली बाई मात्र तेथेच राहते. मात्र ब्रदरांनी ते पद नाकारले, आणि ते सौम्य शब्दांत नाही. आपण बाळांचे काम शिकलो आहोत, ते करू द्यावे, नाही तर राजीनामा घ्यावा, असे त्यांनी कन्नडमध्ये, सहा ओळींत लिहून दिले. त्यांच्या खिशात तेव्हा मस्कतच्या एका रुग्णालयाचे नेमणूकपत्र होते, हे मला पुढे कळले.

त्या दोन महिन्यांत आमची किती ओढाताण झाली, ते सांगत बसत नाही. मार्ग काढला तो थोरल्या सिस्टरांनी, ज्यांनी पहिल्या रात्री आठ्या घातल्या होत्या त्यांनीच. त्या म्हणाल्या, मातेचा संकोच आणि लोकांचा पूर्वग्रह या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला अंगावर पाजताना परक्या पुरुषाची उपस्थिती नकोशी वाटणे हा तिचा हक्क आहे, आणि तो आपण जपलाच पाहिजे. पण काचेच्या पेटीतल्या बाळाला कोणी हात लावावा, हे हाताच्या कौशल्यावर ठरेल. म्हणून नियम असा झाला, की स्तनपानाला मदत, दूध पिळून काढायला शिकविणे आणि मातेची कोणतीही तपासणी सिस्टरच करतील. ब्रदर पडद्याच्या या बाजूला राहतील, आणि आत जायचे झाल्यास विचारून व सिस्टरसमवेतच जातील. बाळाची शुश्रूषा ज्याची पाळी असेल तो करील. हे सारे एका पानावर लिहून सर्व सिस्टरांनी खाली सह्या केल्या. माझी सही सर्वांत शेवटी घेतली. व्यवस्थापनाने परिपत्रक मागे घेतले. तो नियम आजही भिंतीवर आहे, आणि खरे सांगायचे तर आम्हां डॉक्टरांनाही तो तितकाच लागू पडतो, फक्त डॉक्टरांविषयी कोणी असा नियम मागितला नव्हता.

ब्रदर परतले आणि त्यानंतर त्यांनी जे काम केले ते दुसऱ्या कोणाला साधले नसते. कांगारू पद्धतीची सुरुवात कोलंबियातील बोगोटा येथे १९७८-७९ च्या सुमारास डॉ. एडगर रे व डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी इनक्युबेटरच्या टंचाईपोटी केली, हे आपण जाणतोच. बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवायचे. आई शस्त्रक्रियेतून उठलेली नसेल, दुसऱ्या रुग्णालयात असेल, किंवा नसेलच, तर काय? पुस्तक म्हणते, वडिलांनी घ्यावे. आमच्याकडचे वडील मात्र बिल भरायचे, औषधे आणायचे आणि जिन्यात उभे राहायचे. सिस्टरांनी "शर्ट काढून बसा" म्हटले, की ते लाजेने पळ काढीत. ब्रदरांनी ते सांगायला सुरुवात केल्यावर चित्र पालटले. ट्रकचालक, काजू कारखान्यातला मजूर, खानापूरच्या जंगलपट्टीतला गवळी, कापडदुकानाचा मालक, सगळे निमूट आंघोळ करून येऊन खुर्चीत बसू लागले. एक धिप्पाड गृहस्थ पहिल्या दिवशी अंग चोरून, श्वास रोखून बसले होते. ब्रदर त्यांना म्हणाले, "श्वास घ्या. तुम्ही घेतला की ते बी घेतंय." हा शास्त्रार्थ तंतोतंत बरोबर आहे की नाही, यावर मी वाद घालणार नाही.

या पद्धतीचे बळ किती, हे पुढे २०२१ साली स्पष्ट झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत झालेला अभ्यास त्या वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. जन्मतः १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता लगेच छातीशी घेतले, तर २८ दिवसांच्या आतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येतात, असे त्यात दिसले. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात सहभागी होते. मी तो लेख छापून ब्रदरांना दिला. त्यांनी तो रात्रपाळीत शब्दकोश घेऊन वाचला आणि सकाळी विचारले, "यात वडील किती होते ते कुठे लिहिलंय?" मला चटकन उत्तर देता आले नाही.

त्यांच्या मराठीविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. आले तेव्हा त्यांना मराठी चार शब्द येत. आमच्या गावात भाषेवरून काय काय होते ते वाचकांना ठाऊकच आहे. १ नोव्हेंबर जवळ आला, की रस्त्यावरची हवा बदलते. ब्रदर मराठी शिकले ते शाळेत नाही, मोर्च्यातही नाही, तर विभागाबाहेरच्या बाकावर, बाळंतिणी आणि आज्यांकडून. त्यामुळे 'टाळू भरणे', 'किरकिर', 'चीक', 'बोंडले', 'शेकशेगडी' असे शब्द त्यांच्या तोंडी अस्सल बसले आहेत, पण वर्तमानपत्रातला मथळा वाचताना ते अडखळतात. बायकांकडून भाषा शिकलेल्या पुरुषाची क्रियापदे बिघडतील असे कोणाला वाटेल. पण आमच्या बेळगावी मराठीत बायकाही 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात, त्यामुळे तेथेही ते सुखरूप सुटले! गोव्याकडून कोणी बाळंतीण आली, तर तिच्याशी ते कोंकणीचे दोन शब्द जोडून बोलतात, आणि दखनी तर त्यांना गावापासूनच येते.

त्यांच्यात दोष नाहीत असे नाही. अक्षर इतके वाईट आहे, की त्यांच्या नोंदी वाचायला नव्या सिस्टरांना महिनाभर लागतो. भारत हुण्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला आणि उसाच्या तोडीला त्यांची रजा ठरलेली, मग विभागात तिळी बाळे का असेनात. आणि हात धुण्याच्या बाबतीत ते कोणाची भीडभाड ठेवीत नाहीत. एका ज्येष्ठ शल्यविशारदांना त्यांनी अंगठी व घड्याळ काढून ठेवल्याखेरीज आत सोडले नाही, आणि त्यावरून मला दोन दिवस दूरध्वनीवर समजूत घालावी लागली. चरकाचा चौथा गुण त्यांच्यात जरा अधिकच उतरला आहे म्हणायचा.

लग्नाच्या वेळी त्यांना तीन स्थळांनी नकार दिला. मुलगा नर्स आहे, हे ऐकून एका मुलीच्या वडिलांनी विचारले होते, "डॉक्टरच्या हाताखाली की बायकांच्या हाताखाली?" मला या प्रश्नाची वेगळ्या बाजूने मौज वाटते. आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या, त्यानंतर स्त्रियांनी हा व्यवसाय पायरी पायरीने मिळविला. विरोध झाला, हेटाळणी झाली, पण पुढे समाजाने टाळ्याही वाजविल्या. माझ्या पिढीतल्या मुलीने एम. डी. केले, तर तिचे घरचे पेढे वाटीत. पुरुषांचे काम बाईने घेतले, की ती 'पुढे गेली'. बाईचे काम पुरुषाने घेतले, की तो 'मागे राहिला'. म्हणजे आपण बाईला वर घेतले खरे, पण तिच्या कामाची किंमत होती तेवढीच ठेवली. ब्रदरांच्या सासऱ्यांनी, जे स्वतः प्राथमिक शिक्षक आहेत, हा हिशेब केला नाही. त्यांनी विभागात येऊन काचेतून अर्धा तास जावयाचे काम पाहिले आणि तारीख ठरविली.

२०२० च्या करोना काळात बाधित मातांच्या बाळांजवळ जायला माणसे घाबरत होती, तेव्हा आमच्या चार सिस्टर आणि हे ब्रदर रुग्णालयातच राहिले. त्याचे सविस्तर वर्णन पुन्हा कधी.

जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने एक निर्णय दिला. लष्करी परिचर्या सेवेतील पदे केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवणारी, १९४३ च्या वटहुकुमातली तरतूद त्याने घटनाबाह्य ठरविली. बातमी वाचून मी ती ब्रदरांना दाखविली. त्यांना फार आनंद झाला, असे दिसले नाही. "वय गेलं आता माझं," म्हणाले, आणि कात्रण मागून घेतले. यंदा आमच्या विभागात दोन मुलगे शिकायला आले आहेत, एक गोकाकचा, एक निपाणीचा. ते कात्रण आता त्यांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटविलेले आहे. निपाणीच्या मुलाने परवा पहिल्यांदाच एका बाराशे ग्रॅमच्या बाळाला नळीवाटे दूध दिले. ब्रदर मागे हात बांधून उभे होते. नळी उंच धरली जात होती, दूध जरा भरभर उतरत होते. त्यांनी मुलाचे मनगट दोन बोटांनी थोडे खाली आणले आणि मला म्हणाले, "मॅडम, पुढच्या महिन्यापासून याची रात्रपाळी लावा. पहिल्या आठवड्यात मी सोबत थांबतो."